दीपगृहावरून समुद्र किती दिसतो?

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर दीपगृहापाशी उभं राहून दूर पाहा. नजरेची रेषा क्षितिजाशी जिथे पाण्याला टेकते, तिथे ती पृथ्वीच्या त्रिज्येशी काटकोन करते. मग पायथागोरस आलाच: अंतराचा वर्ग = २ × त्रिज्या × उंची + उंचीचा वर्ग. त्रिज्या ६,३७१ किमी. तिच्यापुढे शेवटचं पद खुशाल सोडून द्यावं.

उरतं ते असं: अंतर (किमी) ≈ ३.५७ × √उंची (मीटर).

डोळे समुद्रसपाटीपासून २५ मीटरवर असतील तर सुमारे १८ किमी, १०० मीटरवर ३६. उंची चौपट, अंतर मात्र दुप्पटच! उलट, उंची हवी असेल तर अंतराच्या वर्गाला १२.७४ ने भागा. २० किमीसाठी साधारण ३१ मीटर. हवेतल्या वक्रीभवनामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच दिसतं.