झपझप चाला, नाडी मोजा

यवतमाळहून दारव्ह्याकडे जा की घाटंजीकडे, रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड दिसतात. अशा दोन दगडांमधील अंतर झपझप चालून वेळ मोजा. १० मिनिटे लागली, तर तुमचा वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ मीटर झाला.

थांबताक्षणी १५ सेकंद नाडी मोजून ४ ने गुणा. २२० मधून वय वजा केले की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. १५ व्या वर्षी तो २०५. त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे मिनिटाला १३३ ते १५४ ठोके भरले, तर हृदयाला मध्यम व्यायाम घडला. कमी भरले, तर वेग वाढवा.

पण किती? चालताना टेकलेला पाय ही त्रिज्या असते व कंबर वर्तुळाच्या कंसावरून पुढे सरकते. त्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल गुरुत्वाकर्षण पुरवते. पायाची लांबी ०.८ मीटर असेल, तर साध्या चालीची मर्यादा √(९.८ × ०.८), म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. प्रत्यक्षात सुमारे २ मीटरलाच माणूस धावू लागतो. आखूड पायांची मर्यादा आणखी कमी. म्हणून तर धाकटा भाऊ तुमच्याबरोबर चालताना मध्येच धावतो!

नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते व विश्रांतीची नाडी मंदावते. वैशाखात मात्र पहाटेच चाला. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडेही रक्त धाडावे लागते, त्यामुळे हृदयावर दुहेरी भार पडतो.

उद्या सकाळी उठताच नाडी मोजून वहीत लिहा. काही महिन्यांनी पुन्हा मोजा आणि आकडे ताडून पाहा.