विरार लोकलमधला मेणाचा ठोकळा

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की वसईत पहिला संशय टीबीचाच. वीस वर्षांपूर्वी तसंच, आजही बरंचसं तसंच. औषधं घेऊनही खोकला हटला नाही की बायॉप्सी, मग ‘टाटाला फाइल काढणं’, म्हणजे मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात नाव नोंदवणं, आणि सकाळची चर्चगेट लोकल. पिशवीत सीटी स्कॅनच्या फिल्मा आणि काडेपेटीएवढा मेणाचा ब्लॉक. त्यात सुईने काढलेले गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे.

2004 पर्यंत या तुकड्यांना एकच प्रश्न विचारला जाई: कर्करोग आहे का, आणि कोणत्या पेशींचा? फुफ्फुसाच्या कर्करोगावरची गेफिटिनिबची गोळी तेव्हा आली होती. काहींची गाठ तिने झपाट्याने आटे, बाकीच्यांवर ढिम्म परिणाम नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांना कारण सापडलं. गोळी लागू पडणाऱ्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुक बिघडलेलं होतं. पेशींना वाढीचा हुकूम देणारं बटण जणू दाबलेलंच अडकलं होतं. गोळी नेमकी तिथे बसते.

तरी डॉक्टर बरीच वर्षं माणूस बघून अंदाज बांधत: बाई आहे, विडी-सिगारेट नाही, गाठ अ‍ॅडेनोकार्सिनोमा प्रकारची आहे, म्हणजे गोळी चालेल. 2009 च्या जुलैत चार नगरपालिका मोडून वसई-विरार महापालिका झाली. त्याच पावसाळ्यात पूर्व आशियातल्या 1,217 रुग्णांवरच्या ‘आयपास’ चाचणीने हा अंदाज मोडीत काढला. गोळीने बिघाड असलेल्यांपैकी 71 टक्क्यांची गाठ लहान झाली, बिघाड नसलेल्यांपैकी जेमतेम एका टक्क्याची. रुग्ण वरून सगळे सारखेच, बहुतेक कधी धूम्रपान न केलेले.

आपल्याकडचं काय? 2013 मध्ये टाटाने 907 भारतीय रुग्णांची तपासणी छापली. 23 टक्क्यांत हा बिघाड निघाला. धूम्रपान न करणाऱ्यांत 29 टक्के, करणाऱ्यांत 15. मला हा 15 चा आकडा जास्त बोलका वाटतो. ‘विडी ओढायचा ना, मग कशाला तपासणी?’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला तो दाखवावा.

2014 ला वसईसह पालघर जिल्हा वेगळा झाला, पण रुग्णाची वाट दक्षिणेकडे, मुंबईकडेच राहिली. 2018 मध्ये टाटासाठी उतरायच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. त्याच सुमारास टाटात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकारी बिघाड असलेल्या 350 रुग्णांवर साधाच प्रयोग करत होते: निम्म्यांना नुसती गेफिटिनिब, निम्म्यांना तिच्या जोडीला केमो. रोग आटोक्यात राहण्याचा काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. तीव्र त्रासही दुपटीने वाढला. हे सांगायचं राहू नये. तरी मला या कामाचं मोल मोठं वाटतं, कारण जुन्या, देशात बनणाऱ्या औषधांतूनच ते साधलं.

गोळीला गाठ पुढे सरावते. बरेचदा टी790एम नावाचा नवा बिघाड येतो. 2015 नंतर त्यावर ओसिमर्टिनिब आलं, हा बिघाड रक्तातूनही शोधता येऊ लागला. गाठीत तपासायच्या गोष्टींची यादी एएलके, आरओएस1, पीडी-एल1 अशी वाढत गेली.

तुकडा मात्र तेवढाच राहिला. प्रत्येक तपासणीसाठी त्याचे पातळ काप निघतात आणि ब्लॉक झिजतो. महागड्या चाचणीचे पैसे जमवून झाल्यावर रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असं येतं, आणि पुन्हा सुई, पुन्हा विरार लोकल.