दुखावलेला स्नायू : विश्रांती किती, हालचाल किती?

धावत चेंडू गाठताना मांडीच्या मागे चाबूक बसावा तशी कळ येते आणि खेळाडू जागीच थांबतो. सायंकाळी मैदानावर उतरणाऱ्या गोमंतकीय फुटबॉलपटूंना हा अनुभव नवा नाही. बस पकडण्यासाठी अचानक धावलेल्या चाळिशीतल्या गृहस्थाच्या पोटरीतही अशीच कळ उठते. दोघांनाही घरून बहुधा एकच सल्ला मिळतो : तेल चोळा, शेक द्या आणि हलू नका. या सल्ल्याचे तिन्ही भाग तपासून पाहण्याजोगे आहेत.

स्नायू क्षमतेबाहेर ताणला गेला की त्यातील तंतू तुटतात. मोजकेच तंतू तुटले असतील तर दुखापत साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते; अधिक तुटल्यास एक-दोन महिने, तर स्नायू पूर्ण तुटल्यास कित्येक महिने लागतात. पहिले दोन-तीन दिवस आत रक्तस्राव व सूज असते. या काळात जोराने चोळल्यास किंवा गरम शेक दिल्यास ती वाढू शकते. त्याऐवजी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, हलकी दाबपट्टी बांधावी आणि पाय उंचावर ठेवावा.

विश्रांती आणि बर्फ यांचे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडले. 2014 मध्ये मात्र त्यांनीच मान्य केले, की संपूर्ण विश्रांती आणि बर्फाचा अतिवापर यांमुळे जखम भरण्यास विलंब होऊ शकतो. कारण दुखावलेल्या जागी नवे तंतू व व्रणाची ऊती तयार होत असतात. बेताचा ताण मिळाला तर हे तंतू योग्य दिशेने जुळतात. हालचालच थांबली तर स्नायू आखडतो आणि क्षीण होतो.

डेन्मार्कमधील एका अभ्यासाने हे आकड्यांत दाखवले. मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या 50 हौशी खेळाडूंपैकी काहींचे व्यायाम दुखापतीनंतर 2 दिवसांनी, तर इतरांचे 9 दिवसांनी सुरू झाले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिला गट साधारण 62 दिवसांत, तर दुसरा 83 दिवसांत वेदनेशिवाय खेळू लागला. आठवडाभराच्या विलंबाची किंमत तीन आठवडे ठरली.

मात्र लवकर सुरुवात म्हणजे घाई नव्हे. आधी सांध्याची सावकाश हालचाल, मग स्नायू जागच्या जागी आवळणे, पुढे सपाट जमिनीवर चालणे आणि शेवटी ताकदीचे व्यायाम, असा क्रम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ठेवावा. व्यायाम करताना किंचित दुखणे चालते; दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वा सूज वाढलेली आढळली तर प्रमाण कमी करावे. दरम्यान हात, पाठ व पोट यांचे व्यायाम चालू ठेवता येतात.

कळ येताना तुटल्याचा आवाज झाला, स्नायूत खळगा जाणवला किंवा पायावर भार देता आला नाही तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. विशेष कारण नसताना पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी.

वेदना थांबणे आणि स्नायू बळकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीच्या कितीतरी आधी येते. हा फरक न ओळखता मैदानात परतणाऱ्याचा तोच स्नायू पुन्हा दुखावतो.