हंगामाचा अखेरचा सामना, तोही परक्या मैदानावर : होळकर संघाची १९४५ ची मुंबईवारी

भोपाळहून इटारसीच्या दिशेने निघालेली गाडी राणी कमलापती स्थानक मागे टाकते, तेव्हा थोड्याच वेळात मिसरोदचे छोटे स्थानक लागते. भोपाळ शहराच्या दक्षिण टोकावरचा हा भाग. येथील एखाद्या मुलाने बॅट हाती घेतली आणि तो पुरेसा पुढे गेला, तर त्याच्यासमोर रणजी करंडकाचा एकच संघ असतो, तो म्हणजे मध्य प्रदेशचा. हा संघ आज भोपाळचा तितकाच इंदूरचा आहे. मात्र ऐंशी वर्षांपूर्वी असे नव्हते. भोपाळ हे नवाबांचे संस्थान होते आणि इंदूर हे होळकरांचे. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान काही काळ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही होते. परंतु या प्रदेशाला क्रिकेटच्या नकाशावर खऱ्या अर्थाने नेऊन बसवले ते इंदूरच्या मराठी राजघराण्याच्या संघाने. त्या संघाचा सर्वाधिक स्मरणात राहिलेला सामना हा त्याने जिंकलेला नाही, तर गमावलेला सामना आहे. मार्च १९४५ मध्ये, हंगामाच्या अगदी शेवटी, मुंबईत जाऊन खेळलेला रणजी करंडकाचा तो अंतिम सामना होता. होळकर संघ तेथे ३७४ धावांनी हरला. एवढ्या मोठ्या पराभवाची आठवण आदराने का काढली जाते, हे समजून घ्यायचे तर तो संघ कसा घडला, त्या काळचे नियम काय होते आणि परक्या मैदानावर खेळणे म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागते.

हौशी कोणाला म्हणावे?

मराठीत ‘हौशी’ हा शब्द उच्चारला की आपल्याला आधी रंगभूमी आठवते. दिवसा नोकरी करून रात्री तालमीला जाणारा नट तो हौशी. स्वातंत्र्यपूर्व भारतातील क्रिकेटही बव्हंशी असेच होते. खेळून पोट भरेल अशी व्यवस्था नव्हती आणि सामन्याचे मानधन ही कल्पना रुजलेली नव्हती. खेळाडूला जगण्यासाठी दुसरा आधार लागे. काहींना तो रेल्वे किंवा मोठ्या कंपन्यांच्या नोकरीतून मिळाला, काहींना संस्थानिकांच्या पदरी.

होळकरांनी हा आधार फौजेतील हुद्द्यांच्या रूपाने दिला. नागपूरला जन्मलेले कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू, १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला आले. १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे नेतृत्व त्यांनीच केले. होळकरांच्या सैन्यात ते कर्नल झाले आणि ‘कर्नल’ हीच त्यांची क्रिकेटमधील ओळख ठरली. इंदूरमध्येच जन्मलेल्या मुश्ताक अली यांना त्यांनी लहानपणी हेरले. मुश्ताक अलीही पुढे होळकरांच्या फौजेत कॅप्टन झाले. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक झळकावणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. सागरला जन्मलेले चंदू सरवटे वकील होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. फौज, वकिली आणि क्रिकेट एकाच वेळी सांभाळणाऱ्या अशा माणसांचा हा संघ होता.

रणजी स्पर्धेत ‘होळकर’ या नावाने तो १९४१-४२ च्या हंगामापासून उतरू लागला. त्यापूर्वी हा प्रदेश ‘सेंट्रल इंडिया’ या नावाखाली खेळत असे. १९४४-४५ मध्ये होळकर संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला. त्या वेळी कर्णधार सी. के. नायडू एकोणपन्नास वर्षांचे होते.

याच संघात एक व्यावसायिक खेळाडूही होता, आणि तो चक्क इंग्लंडचा. दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडचे प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैन्यात होते आणि इंदूरजवळच्या महू छावणीत शारीरिक प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. छावणीपासून इंदूर जवळच असल्याने ते होळकर संघाकडून खेळू लागले. इंग्लंडमध्ये त्या काळी हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंत कडक भेद पाळला जाई. तो भेद औपचारिकरीत्या संपला तो १९६२ मध्ये. इंदूरमध्ये मात्र पगारी इंग्रज व्यावसायिक आणि संस्थानच्या फौजेतील ‘हौशी’ खेळाडू एकाच कर्णधाराचा शब्द झेलत होते.

वेळेचे बंधन नसलेला सामना

अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर होता. विजय मर्चंट यांच्या नेतृत्वाखालील मुंबई संघ आपल्याच मैदानावर, आपल्याच प्रेक्षकांसमोर खेळत होता. होळकर संघ सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास करून आला होता.

हा सामना समजण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. आज रणजी करंडकाचा अंतिम सामना पाच दिवसांचा असतो. तो अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. त्या काळी अंतिम सामना निकाल लागेपर्यंत चालवला जाई. त्यामुळे डाव घोषित करण्याला अर्थच उरत नसे. प्रतिस्पर्ध्याला बाद करायला वेळ पुरणार नाही, ही भीती नसेल तर कोणता कर्णधार आपला डाव आपणहून थांबवील? सर्व गडी बाद होईपर्यंत फलंदाजी करणे हेच शहाणपणाचे ठरे.

मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या. होळकर संघाने मुश्ताक अली यांच्या १०९ धावांच्या बळावर ३६० पर्यंत मजल मारली. १०२ धावांची पिछाडी फार मोठी नव्हती. मात्र दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यात मर्चंट यांच्या २७८ धावा होत्या. रूसी मोदी यांनी पहिल्या डावात ९८ आणि दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या. त्यांच्या त्या हंगामातील एकूण धावा १००८ झाल्या. रणजी करंडकाच्या एकाच हंगामात हजार धावांचा टप्पा गाठणारे ते पहिले फलंदाज होत.

एका गोलंदाजाची ९१७ चेंडूंची पायपीट

पाहुण्या संघावर या नियमाचा भार कसा पडतो, याचे उत्तर एका गोलंदाजाच्या आकड्यांत सापडते. कर्णधारांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हे लेगस्पिन टाकत. मुंबईच्या पहिल्या डावात त्यांनी ६४.५ षटके टाकून १५३ धावांत ६ गडी बाद केले. दुसऱ्या डावात ८८ षटके टाकून २७५ धावांत ५ गडी घेतले. म्हणजे एका सामन्यात १५२.५ षटके, ९१७ चेंडू, ४२८ धावा आणि ११ बळी. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एका सामन्यात सर्वाधिक चेंडू टाकण्याचा आणि सर्वाधिक धावा देण्याचा हा विक्रम आजही अबाधित आहे.

तुलनेसाठी सांगायचे तर वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटके मिळतात. सी. एस. नायडू यांनी एका सामन्यात टाकलेली षटके अशा अडतीस सामन्यांच्या वाट्याएवढी होतात. सर्वाधिक धावा देण्याचा विक्रम वाचताना तो नामुष्कीचा वाटतो. पण हिशेब केला तर त्यांनी षटकामागे तीनपेक्षा कमी धावा दिल्या होत्या. एवढा वेळ मारा करूनही फलंदाजांना मोकळीक मिळू न देणारा गोलंदाज हाच या विक्रमाचा खरा अर्थ आहे.

८६७ चे लक्ष्य

होळकर संघासमोर आता ८६७ धावांचे लक्ष्य होते. इतक्या धावा चौथ्या डावात करून सामना जिंकता येईल, असे कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते. वेळ काढून सामना अनिर्णित राखण्याची वाटही नियमानेच बंद केली होती. हंगाम संपला होता, घर दूर होते. अशा वेळी पाहुणा संघ अनेकदा मनाने परतीच्या गाडीत बसलेला असतो.

याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात असाच कालमर्यादा नसलेला कसोटी सामना झाला. ६९६ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना इंग्लंडने ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली आणि विजय ४२ धावांवर असताना सामना सोडून दिला गेला, कारण मायदेशी जाणारी बोट सुटणार होती. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून ते अवघ्या काही फटक्यांच्या अंतरावर होते. तेव्हा काठियावाडच्या पाहुण्या संघाने सामना सोडला आणि निंबाळकरांचा विक्रम हुकला तो कायमचाच.

होळकर संघाने मात्र सामना सोडला नाही. मुश्ताक अली यांनी दुसऱ्या डावातही शतक ठोकले, १३९ धावांचे. कॉम्प्टन एका बाजूने खेळत राहिले. समोरचे साथीदार एकामागून एक बाद होत गेले आणि संघ ४९२ वर सर्वबाद झाला, तेव्हा कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद होते. त्यांना कोणी बाद केले नाही, त्यांचे साथीदार संपले. या खेळीभोवती एक किस्साही सांगितला जातो. इंदूरच्या एका धनिकाने शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे कॉम्प्टन यांना बक्षीस देऊ केले होते. खेळी संपल्यावर त्यांच्या हाती पडली ती एक चिठ्ठी. शेटजींना तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागले होते!

दोन्ही संघांच्या चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या. डर्बनच्या त्या सामन्यातील १९८१ धावांचा विक्रम मोडला गेला. पुढे १९४८-४९ मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात पुण्यात झालेल्या सामन्यात २३७६ धावा झाल्या आणि हाही विक्रम मागे पडला.

पराभवानंतर

या पराभवाने होळकर संघ खचला नाही. पुढच्याच हंगामात, १९४५-४६ मध्ये, त्यांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके केली. बडोद्याला हरवून त्यांनी त्याच वर्षी पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. १९४७-४८ मध्ये अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईलाच नमवले. १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्येही विजेतेपद त्यांचेच होते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत खेळला. त्यांतील चार सामने जिंकला, सहा हरला.

संस्थाने विलीन झाली आणि १९५४-५५ नंतर रणजी करंडकातून होळकर हे नाव गेले. काही काळ मध्य भारत आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश, असा त्या संघाचा वारसा पुढे सरकला. पूर्वी वेगवेगळ्या संस्थानांत वाटले गेलेले इंदूर आणि भोपाळ एकाच संघाच्या नावाखाली आले ते त्यानंतर.

या नव्या संघाचेही नशीब परक्या मैदानावरील अखेरच्या सामन्याशी बांधलेले निघाले. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेश बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकशी खेळला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती होती. सामना नुसता अनिर्णित राखला असता तरी करंडक मिळाला असता. पण २४७ धावांच्या लक्ष्यासमोर संघ कोसळला आणि ९६ धावांनी हरला. मध्य प्रदेशचे कर्णधार होते मुंबईकर चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर तेच पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून बसले होते. समोर होती मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या आधारे ५३६ धावांनी उत्तर दिले आणि सामना सहा गडी राखून जिंकला. मध्य प्रदेश या नावाने मिळालेले ते पहिलेच रणजी विजेतेपद.

योगायोग असा की, मुंबईची त्या डावातील धावसंख्या ३७४ होती, आणि १९४५ मध्ये होळकर संघ हरला होता तोही ३७४ धावांनीच.