पांदणीवरची सायकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाड्यांच्या गर्दीपासून दूर, डांबर सोडून मुरूम-मातीच्या रस्त्यांवर लांबवर सायकल चालवण्याला जगभर 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात 2006 साली या प्रकारची मोठी शर्यत सुरू झाली. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अमरावती-अकोल्याकडेही आता सकाळी महामार्गाच्या कडेने जाणारे सायकलस्वार दिसतात. ट्रकची हवा अंगावर घेत ते जातात, आणि दोन शेतं पलीकडे मोकळी पांदण पडलेली असते. तिकडे वळायचं म्हटलं की काही समजुती आड येतात. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज 1 : असे रस्ते परदेशात असतात, वऱ्हाडात कुठे?

वस्तुस्थिती : वऱ्हाडाच्या जवळपास प्रत्येक गावाला ते आहेत. गावातून वावरात जाणारी पांदण, दोन गावांना जोडणारा जुना गाडीमार्ग, कालव्याच्या काठचा देखभालीचा रस्ता, खडीकरण होऊन डांबराविना राहिलेला ग्रामीण रस्ता, हे सगळं त्यातच मोडतं. गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. बैलबंडीसाठी आखलेल्या या वाटा बहुधा सपाट जमिनीवरून, नाल्याला सोयीच्या उताराने ओलांडत जातात. सायकलला याहून वेगळं काही लागत नाही.

विविधताही भरपूर आहे. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांमधून जाता येतं. परतवाडा-अंजनगाव-अकोट पट्ट्यात उत्तरेला सातपुडा सतत सोबत असतो, आणि अंजनगाव सुर्जीच्या आसपास पानवेली आणि पानपिंपळीचे मळे लागतात. दक्षिणेला बार्शीटाकळी-पातूरकडे जमीन हलकी, मुरमाड आणि चढउताराची होते.

गैरसमज 2 : यासाठी लाखाची सायकल हवी.

वस्तुस्थिती : ग्रॅव्हल सायकलचं खरं वैशिष्ट्य तिच्या टायरच्या रुंदीत आहे. असे टायर साधारण 38 ते 45 मिलिमीटर रुंद असतात. आता आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचा टायर पाहा. त्याच्या कडेवर 28 × 1½ असं छापलेलं असतं. म्हणजे रुंदी 38-40 मिलिमीटरच्या आसपास. दूधवाले, पोस्टमन आणि खेड्यावरचे मास्तर वर्षानुवर्षं याच रुंदीच्या टायरवर पांदणीतून गेले. महागड्या सायकलचा फायदा गिअर, वजन आणि ब्रेकमध्ये आहे. काळ्या सायकलचे दांड्याचे ब्रेक उतारावर कमी पडतात, म्हणून तिच्यावर सपाट भागातच फिरावं. घरात साधी माउंटन सायकल असेल तर सुरुवातीला ती पुरेशी आहे.

गैरसमज 3 : हवा टाइट भरली की सायकल पळते.

वस्तुस्थिती : गुळगुळीत डांबरावर हे काही अंशी खरं आहे. मुरमावर मात्र टणक टायर प्रत्येक गिट्टीवर उसळतो, आणि पुढे जायला लागणारी ताकद वर-खाली हादरण्यात जाते. हवा थोडी कमी ठेवली तर टायर दगडावर दबतो, पकड धरतो, मनगटंही दुखत नाहीत. सत्तर किलोच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या ट्यूब असलेल्या टायरमध्ये 35 ते 40 पीएसआय हवा पुरते. फारच कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते, हेही लक्षात असू द्यावं.

गैरसमज 4 : पावसाळ्यात हिरवळ असते, तेव्हाच जावं.

वस्तुस्थिती : पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती पावसात सायकल अक्षरशः थांबवते. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पहिल्या दहा-वीस चाकफेऱ्यांत टायरवर थर चढतो, तो मडगार्डमध्ये आणि ब्रेकपाशी दाटतो, आणि चाक फिरायचंच बंद होतं. काडी घेऊन चिखल काढावा तर पुढच्या पन्नास पावलांवर तेच. शिवाय ओल्या पांदणीत पडलेली चाकाची चाकोरी वाळल्यावर दगडासारखी होते, आणि शेतकऱ्याच्या बंडीला ती पुढे अनेक दिवस छळते.

पावसाळ्यात जायचंच असेल तर दक्षिणेकडच्या मुरमाड भागात जावं, तिथे पाण्याचा निचरा लवकर होतो. पूर्णाकाठच्या पांदणींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चाकोऱ्या दबलेल्या असतात, पऱ्हाटीत वेचणी चालू असते, तूर डोक्यापर्यंत आलेली असते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी परतावं.

गैरसमज 5 : वाटेत विहिरी, बोअर आहेत, पाण्याची काळजी कशाला?

वस्तुस्थिती : अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. तिथलं भूगर्भातलं पाणी खारट असतं. बोअर दिसते, पाणी येतं, पण ते तहान भागवत नाही. या पट्ट्यातल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट केली आहे. म्हणून पाणी घरूनच घ्यावं, आणि गावात भरून घेताना आधी विचारावं.

गैरसमज 6 : गाड्या नाहीत म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : धोका असतो, पण वेगळा. पांदणीच्या दोन्ही कडांना बाभूळ आणि बोर असते, आणि बाभळीचा दीड-दोन इंची काटा टायर सहज भेदतो. दोन जादा ट्यूब, पंप आणि एक चिमटा जवळ हवाच. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवून काट्याचं टोक काढावं, नाहीतर नवी ट्यूबही जाते.

रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी झटका कुंपण लावतात. त्याचा झटका सौर यंत्रातून येत असला तरी तारेला हात लावू नये. काही ठिकाणी बेकायदा थेट वीजप्रवाहही सोडला जातो, आणि त्यात माणसं दगावली आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते, तेव्हा फवारा दिसला की वाट बदलावी. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे बळी गेले होते. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात आणि काटेपूर्णासारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. 1974 पासून मेळघाट हे वाघाचं संरक्षित घर आहे.

गैरसमज 7 : शकुंतला बंद आहे, मग तिच्या रुळांवरून सायकल मार्ग लगेच होईल.

वस्तुस्थिती : कल्पना मोहक आहे. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे 190 किलोमीटरची अरुंद रेल्वे. ती ब्रिटिश काळात कापूस वाहून नेण्यासाठी उभी राहिली. तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं. परदेशात बंद रेल्वेमार्गांचे सायकल मार्ग झालेले आहेत. स्पेनने 1993 पासून ही योजना राबवली, तर आयर्लंडचा वॉटरफर्डचा 46 किलोमीटरचा मार्ग 2017 मध्ये खुला झाला. पण इथे दर्यापूर-अंजनगावच्या लोकांना ही गाडी ब्रॉडगेज होऊन परत हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. शिवाय रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा रूळ सोडा, पांदण धरा.

गैरसमज 8 : धुऱ्यावरची प्रत्येक वाट सगळ्यांचीच असते.

वस्तुस्थिती : नसते. गाव नकाशावरचा गाडीमार्ग सार्वजनिक. पण जमीन महसूल संहितेच्या कलम 143 नुसार तहसीलदार धुऱ्यावरून जी वाट देतात, ती त्या शेतकऱ्याला त्याच्या वावरात जाण्यापुरती असते. कालव्याकाठचा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे. शंका आली तर थांबून विचारावं : "भाऊ, हा रस्ता पुढं निंगते काय?" वऱ्हाडात या प्रश्नाला उत्तर मिळतंच, आणि नाल्याला पाणी किती आहे तेही कळतं.

दरवर्षी एकेक तास आत नांगरत अनेक पांदणी अतिक्रमणात गेल्या. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 नुसार वहिवाटीचा रस्ता अडवल्यास सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. शासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तीही शेतकऱ्याचा माल बाजारापर्यंत पोहोचावा म्हणून. या रस्त्याचा पहिला हक्कदार शेतकरीच आहे. सायकलवाल्याने बंडीला आणि ट्रॅक्टरला आधी वाट द्यावी, पिकात चाक घालू नये, कचरा परत न्यावा.

पण सायकलवाल्यांनीही एक काम अंगावर घ्यायला हवं. आपल्या गावाचा नकाशा महसूल विभागाकडून मिळवा, त्यातली तुटक दुहेरी रेष शोधा आणि ती जमिनीवर अजून शाबूत आहे का, हे सायकलवरून जाऊन पाहा. जिथे ती बुजली असेल तिथे ग्रामसभेत विषय मांडा. शेतकऱ्याची पांदण मोकळी झाली, तर सायकलचा रस्ता वेगळा मागावा लागणार नाही.