शर्यतीच्या शिंगराची पारख

धान्य घ्यावयाचें असेल तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतां येतात. गाय घ्यावयाची असेल तर धार काढून दूध मोजतां येतें. परंतु ज्याच्या पाठीवर अद्याप खोगीर चढलें नाहीं, जें एकदांहि शर्यतींत धावलें नाहीं, असें दीड वर्षाचें शिंगरूं केवळ त्याच्या भावी वेगासाठीं विकत घ्यावयाचें झाल्यास पाहावयाचें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देणारी एक स्वतंत्र विद्याच आहे, व तिचा थोडासा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा असा आमचा विचार आहे. शर्यतीवर पैसे लावण्याशीं मात्र ह्या लेखाचा कांहीं संबंध नाहीं. त्या नादानें किती संसार धुळीस मिळतात हें कोणास सांगावयास नको. आम्हांस येथें पाहावयाची आहे ती पारख करणाऱ्याची दृष्टि.

शर्यतीचा घोडा ज्या जातीचा असतो तिला ‘थरोब्रेड’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पूर्वेकडून इंग्लंडांत आणलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे ह्या जातीचे मूळ पुरुष होत. मुंबईचें महालक्ष्मी व पुणें येथील शर्यतींत धावणारे घोडेहि ह्याच जातीचे. ह्या शिंगरांचे जगप्रसिद्ध लिलाव इंग्लंडांत न्यूमार्केट येथें व अमेरिकेंत केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन शहरीं भरतात. न्यूमार्केटचा लिलाव करणारी टॅटरसॉल्स ही पेढी १७६६ सालीं स्थापन झाली.

उत्तर गोलार्धांतील ह्या सर्व घोड्यांचा वाढदिवस नियमानें १ जानेवारी हाच धरतात, मग शिंगरूं खरोखर जानेवारींत जन्मलेलें असो वा मे महिन्यांत. त्यामुळें लिलावांत एकाच वयाचीं म्हणून शेजारीं उभीं असलेलीं दोन शिंगरें चार महिन्यांनीं लहानमोठीं असूं शकतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक अंगलट पाहण्यापूर्वीं जन्मतारीख पाहतो. उशिरां जन्मलेलें शिंगरूं किरकोळ दिसलें तरी तो त्याला नापसंत करीत नाहीं, व लवकर जन्मलेलें थोराड दिसलें म्हणून भुलतहि नाहीं.

आपल्याकडेहि अश्वपरीक्षा फार जुनी आहे. शालिहोत्र ऋषींच्या नांवानें चालत आलेल्या शास्त्रावरून घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ हें नांव पडलें. तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. तेथें आजहि रंग व अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरविणारे लोक भेटतात. शर्यतीच्या घोड्याच्या ओळखपत्रावरहि भोवऱ्यांची नोंद असते, पण ती केवळ एक घोडा दुसऱ्यापासून ओळखूं यावा म्हणून. भोवऱ्यावर भार पडत नाहीं. भार पडतो तो हाडांवर व सांध्यांवर. म्हणून नव्या परीक्षकाची नजर तिकडे जाते.

पहिली परीक्षा कागदावर होते. लिलावाच्या यादींत प्रत्येक शिंगराची वंशावळ छापलेली असते, व तींत मोठ्या दर्जाच्या शर्यती जिंकणाऱ्या नातेवाइकांचीं नांवें ठळक टाइपांत असतात. येथें एक गमतीचा नियम आहे. एकाच घोडीच्या पोटीं जन्मलेलीं शिंगरेंच भावंडें समजलीं जातात. केवळ बाप एक असला तर तें नातें धरीत नाहींत. कारण उघड आहे. नामांकित घोड्याचीं एका वर्षांत शंभराहून अधिक शिंगरें जन्मास येऊं शकतात. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, म्हणून तिला वर्षाकाठीं एकच. तेव्हां आईकडच्या नात्याला मोल अधिक.

परंतु वंशावळ संभव सांगते, खात्री देत नाहीं. ‘माय चार्मर’ नांवाच्या घोडीचें ‘सिअॅटल स्ल्यू’ हें शिंगरूं १९७५ सालीं केंटकींतील लिलावांत १७,५०० डॉलरांस गेलें. त्याचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला होता. त्याच घोड्यानें १९७७ सालीं अमेरिकेच्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या, व त्याही तोंवर एकदांहि न हरतां. पुढें १९८५ सालीं त्याच घोडीचें दुसरें शिंगरूं, ‘सिअॅटल डान्सर’, लिलावास आलें. भावाची कीर्ति दिगंत झालेली; बोली १ कोटी ३१ लक्ष डॉलरांवर जाऊन थांबली. ह्या शिंगरानें दोन शर्यती जिंकल्या खऱ्या, परंतु भावाची सर त्याला आली नाहीं.

दुसरी परीक्षा प्रत्यक्ष तबेल्यापाशीं होते. मोतद्दार शिंगराला सपाट जागेवर उभें करतो, आणि गिऱ्हाईक तें बाजूनें, समोरून व मागून पाहतो. बाजूनें पाहतांना प्रमाणबद्धता पाहावयाची : मान, खांदा, पाठ व पुठ्ठे एकमेकांस शोभतात कीं एखादा भाग दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा दिसतो? खांदा तिरका असावा. उभ्या खांद्याच्या घोड्याची ढांग आंखूड पडते. खुराच्या लगेच वरचा भागहि बेताचा तिरका असावा. तो फार उभा असला तर पाऊल टेकतांना बसणारा धक्का थेट वर जातो; फार लांब व लवचिक असला तर मागच्या शिरांवर ताण पडतो.

समोरून पाहतांना छातीपासून खुरापर्यंत मनांत एक ओळंबा सोडावयाचा. गुडघा, त्याखालची नळी, घोटा व खूर हीं सर्व त्या रेषेंत आलीं पाहिजेत. ह्या बाबींत इतकी काटेकोर दृष्टि कां, तें समजून घेण्यासारखें आहे. भरधाव धावणाऱ्या घोड्याच्या प्रत्येक ढांगेंत असा एक क्षण येतो कीं जेव्हां त्याचा सर्व भार एकाच पुढच्या पायावर असतो, व त्या क्षणीं त्या पायावर पडणारें दडपण शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतें. घोड्याच्या गुडघ्याखालीं मांस नाहीं. तेथें केवळ हाड, शिरा व कातडें. पाय रेषेंत असला तर दडपण सर्वत्र सारखें वांटलें जातें, वांकडा असला तर तें एकाच बाजूस येतें. विशेषतः बाजूनें पाहतां ज्याचा गुडघा मागें झुकलेला दिसतो, त्याच्या गुडघ्याच्या लहान हाडांच्या पुढच्या कडा एकमेकांवर आपटून टवके उडण्याचें भय असतें. शेवटीं खूर पाहावे. ते जोडीनें सारख्या आकाराचे असावेत. एक रुंद व एक अरुंद असल्यास घोडा एका पायावर भार कमी देत असावा असा संशय घ्यावा.

तिसरी परीक्षा चालीची. लिलावाच्या ठिकाणीं शिंगराला धावडवून पाहतां येत नाहीं, म्हणून चालीवरूनच धांवेचा अंदाज करावयाचा. चांगलें शिंगरूं मोकळेपणानें, मान हलकेच झुलवीत, घाई न करतां चालतें. त्याचें मागचें पाऊल पुढच्या पावलाच्या ठशाच्याहि पुढें पडतें. ह्यावरून पाठीचा व पुठ्ठ्यांचा जोर कळतो. सरळ आपल्याकडे येतांना पाय आंतबाहेर फेंकले जातात काय, हेंहि पाहावें. त्याचबरोबर स्वभावाची पारख होते. कान कसे फिरतात, डोळा शांत आहे कीं भेदरलेला, दिवसांतून कितीदां तरी बाहेर काढून दाखविल्यावर तें वैतागतें कीं निमूट उभें राहतें, ह्यांवरून पुष्कळ कळतें. एक सावधगिरी मात्र हवी. लिलावापूर्वीं दोनतीन महिने शिंगरांस उत्तम चारून, खरारा करून चकचकीत केलेलें असतें, आणि पोसलेलें अंग पुष्कळ उणीवा झांकतें.

चौथी परीक्षा वैद्याची. डोळ्यांस न दिसणारें पाहण्याकरितां पायांच्या सांध्यांचीं क्ष-किरण चित्रें काढून तीं लिलावाच्या कचेरींत ठेवलेलीं असतात, व गिऱ्हाइकाचा पशुवैद्य तीं तपासतो. नाकांतून बारीक नळी घालून स्वरयंत्रहि पाहतात. कांहीं घोड्यांच्या स्वरयंत्राची, बहुधा डावी, बाजू तिच्या मज्जातंतूच्या दुर्बलतेमुळें पूर्ण उघडत नाहीं. असा घोडा धावतांना घोरल्यासारखा आवाज करतो व त्याला वारा पुरत नाहीं.

इतकें सारें पाहिल्यावर तरी निर्णय अचूक ठरतो काय? इतिहास नाहीं म्हणतो. १९८३ सालीं ‘स्नाफी डान्सर’ नांवाचें शिंगरूं १ कोटी २ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. तें एकाहि शर्यतींत उतरलें नाहीं. २००६ सालीं ‘ग्रीन मंकी’ नांवाचा दोन वर्षांचा घोडा, लिलावापूर्वींच्या चांचणींत एक अष्टमांश मैल ९.८ सेकंदांत धावल्यामुळें, १ कोटी ६० लक्ष डॉलरांस गेला. तो तीन शर्यतींत धावला व एकहि जिंकला नाहीं. उलट ‘जॉन हेन्री’ ह्या लहानखुऱ्या, तापट व मागें झुकलेल्या गुडघ्यांच्या शिंगराला १९७६ सालीं अवघे १,१०० डॉलर मिळाले होते. त्यानें पुढें साठ लक्ष डॉलरांहून अधिक बक्षिसें मिळविलीं, व १९८१ आणि १९८४ ह्या दोन वर्षीं तो अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. दुसऱ्या खेपेस त्याचें वय नऊ वर्षांचें होतें.

मग ही विद्या व्यर्थ समजावी काय? मुळींच नाहीं. वांकड्या पायाचा एखादा घोडा जिंकला म्हणून वांकडे पाय चांगले ठरत नाहींत. हृदयाची शक्ति, फुप्फुसांचा दम व मागें न हटण्याची जिद्द ह्या गोष्टी बाहेरून दिसत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शहाणा गिऱ्हाईक ‘हें निर्दोष आहे काय?’ असें विचारीत नाहीं, कारण निर्दोष शिंगरूं सांपडणें कठीण. तो विचारतो, ‘हा दोष कोणत्या भाराखालीं त्रास देईल, आणि तो पत्करून मीं किती द्यावें?’ तो आंकडा तो लिलावाच्या मंडपांत शिरण्यापूर्वींच ठरवितो. कारण चुरस लागली कीं माणूस घोडा पाहण्याचें सोडून प्रतिस्पर्ध्याचें तोंड पाहूं लागतो.

येथें पणास लागलेला असतो तो केवळ पैसा नव्हे. दीड वर्षाच्या शिंगराचीं हाडें अद्याप वाढत असतात. ज्याचे सांधे ह्या कष्टांस समर्थ नाहींत त्याला केवळ ठळक टाइपांतील नांवें पाहून शर्यतींत लोटलें तर पैसा बुडतो धन्याचा, पण पाय मोडतो त्या मुक्या जनावराचा. घोडा पंचवीस वर्षें व क्वचित् अधिकहि जगतो. शर्यतींचीं वर्षें त्यांतील अगदीं थोडीं. उरलेल्या आयुष्याची चिंता वाहण्याची तयारी ज्याची नाहीं, त्यानें बोलीसाठीं हात वर करूं नये हें बरें.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं वरातींतला अथवा टांग्याचा घोडा दृष्टीस पडेल तेव्हां त्याच्या झुलीकडे न पाहतां पायांकडे पाहा. मनांतला ओळंबा सोडा, मागचें पाऊल कोठें पडतें तें मोजा, कान कोणीकडे वळतात तें न्याहाळा. आणि आपल्या मुलाचें प्रगतिपुस्तक हातीं घेणाऱ्या पालकांस आमची एवढीच विनंती कीं, यादींतील ठळक नांवें व शेजारच्याची उंची ह्यांवरून बोली लावण्यापूर्वीं, त्यांनीं त्याची जन्मतारीख एकवार पाहावी.