टॉवर रानात येण्याआधी

अतिउच्चदाब वाहिनी ओढायला वीज कायदा 2003 च्या कलम 68 नुसार सरकारची पूर्वमंजुरी लागते. शेतकऱ्याचं भवितव्य मात्र कलम 164 ठरवतं. त्याखाली कंपनीला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार मिळाले, की मालकाची संमती लागत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो आणि टॉवर रानात उभा राहतो. त्याने काम अडवलं तर जिल्हादंडाधिकारी आदेश काढू शकतात. भरपाईचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो.

वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची वीज पठारावरून खाली आणायला वाहिन्या हव्यातच. प्रत्येक गटधारकाची संमती मागितली तर काम रखडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून नकाराधिकार नको, सुनावणी हवी, आणि तीही आखणी पक्की होण्याआधी. तासगावच्या द्राक्षबागेत टॉवरचा एक पाय मांडवाच्या मधोमध आला, तर तारा, अँगल, ठिबक सगळंच उखडावं लागतं; तोच टॉवर बांधावर सरकला तर बाग वाचते. नकाशावर हे दिसत नाही, बागायतदाराला दिसतं. केंद्राने जून 2024 मध्ये टॉवरखालच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या 200 टक्के आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के भरपाई सुचवली, हे चांगलंच झालं. पण पैसे नुकसानीनंतर येतात. आखणीचा नकाशा ग्रामपंचायतीत लावून हरकती ऐकल्याशिवाय सरकारने कलम 164 चे अधिकार देऊच नयेत.